एक्झॉस्टवर हीट एक्स्चेंजर बसवल्यापासून डिझेल हीटर सारखा काजळतोय? कारण कुठे शोधायचं

लक्षणं ठरलेली असतात. वर्कशॉप उबदार ठेवायला छोटा डिझेल हीटर आहे, त्याच्या धुराबरोबर बरीच उष्णता बाहेर जाते म्हणून एक्झॉस्टच्या वाटेवर एक हीट एक्स्चेंजर टाकला. सुरुवातीला सगळं मस्त. मग सुरू होताना पांढरा धूर नेहमीपेक्षा जास्त वेळ यायला लागतो, आवाज घुमल्यासारखा होतो, चालता चालता ज्वाला विझते आणि एका सकाळी हीटर दोनदा पेटायचा प्रयत्न करून एरर दाखवून गप्प बसतो. उघडून बघावं तर आत काजळीच काजळी. दहनकक्ष खरवडला, ग्लो प्लगची (तापून डिझेल पेटवणाऱ्या प्लगची) जाळी बदलली की पुन्हा चालू. आणि थोड्या दिवसांनी पुन्हा तेच.

ही साफसफाई म्हणजे दुरुस्ती नव्हे. एक्स्चेंजर लावण्याआधी हाच हीटर नीट चालत होता ना? मग काजळी होण्याचं कारण बर्नरमध्ये नाही, त्याच्या पुढे आहे. बर्नर फक्त त्याची शिक्षा भोगतोय.

आधी हिशेब: धुरात किती उष्णता असते?

हे कळलं नाही तर माणूस हाव धरतो, आणि हावेतूनच चुकीचा एक्स्चेंजर तयार होतो. एक लिटर डिझेलमध्ये साधारण १० किलोवॅट-तास ऊर्जा असते. ५ किलोवॅटचा हीटर पूर्ण जोरात तासाला अर्ध्या लिटरच्या आसपास डिझेल पितो. त्या वेळी धूर तासाला १०–११ किलो निघतो आणि त्याचं तापमान ३०० अंश सेल्सिअसच्या घरात असतं. म्हणजे बाहेर जाणारी उष्णता साधारण १ किलोवॅट. पण ती सगळी काढता येत नाही. धूर १२० अंशांपर्यंत थंड केला तर हाती लागतात ५०० ते ६०० वॅट.

आता हीटर सगळ्यात खालच्या सेटिंगवर ठेवा. तासाला दीड डेसिलिटर डिझेल, धूर चार किलोच्या आसपास, तापमान १८० अंश वगैरे. १२० पर्यंत थंड केला तर मिळतात जेमतेम ७० वॅट. एका जुन्या पद्धतीच्या बल्बइतके. आणि काजळी सगळ्यात जास्त कधी साचते? याच सेटिंगवर. म्हणजे जिथे मिळकत नगण्य, तिथेच नुकसान जास्त. मंद आचेवर दिवसभर हीटर ठेवून वर एक्स्चेंजरचा लाभ घ्यायचा बेत असेल तर तो सोडून द्या.

एक गोष्ट एक्स्चेंजरच्याही आधी तपासा. हीटर गरम करायची हवा बाहेरून ओढतो की खोलीतूनच? बाहेरची हवा ५ अंश आणि आतली १८ अंश असेल, आणि हीटर तासाला दीडशे घनमीटर हवा फिरवत असेल, तर हवा आतूनच घेतल्याने साडेसहाशे वॅट वाचतात. एक्झॉस्टमधून जास्तीत जास्त जेवढं काढता येतं, तेवढंच. तेही नुसता डक्ट फिरवून, एक्झॉस्टला हात न लावता. मात्र हे गरम करायच्या हवेबद्दल झालं. जळणासाठी लागणारी हवा बाहेरूनच घ्यायची, त्याबद्दल पुढे.

हीटर गुदमरतो म्हणजे काय होतं

या प्रकारच्या हीटरमध्ये एकाच मोटरच्या शाफ्टवर दोन पंखे असतात. एका टोकाला खोलीची हवा ढकलणारा, दुसऱ्या टोकाला दहनकक्षात हवा देणारा छोटा पंखा. डिझेल देणारा पंप टक्-टक् करत ठरलेल्या मापाचा थेंब सोडतो आणि त्याचा वेग मोटरच्या वेगाशी बांधलेला असतो. धुरात ऑक्सिजन किती उरलाय हे बघणारा सेन्सर यात नसतो. कंट्रोलर धरून चालतो की पंखा अमुक वेगाने फिरतोय म्हणजे अमुक इतकी हवा जातेय.

पुढे अडथळा आला की हे गणित मोडतं. पंखा तितक्याच वेगाने फिरतो, पंप तितकंच डिझेल देतो, पण हवा कमी जाते. नाक चिमटीत धरून पळायला लावल्यासारखं. अर्धवट जळलेल्या डिझेलची काजळी होते, काजळी वाट आणखी अरुंद करते, त्यामुळे हवा आणखी कमी होते. पहिले काही दिवस ठीक आणि मग वेगाने बिघाड, असा जो क्रम दिसतो तो यामुळे.

एक्झॉस्टचा पाइप या हीटरना बहुधा २४ मिमी व्यासाचा असतो. घरी बनवलेल्या एक्स्चेंजरमध्ये हौसेने तो चार-सहा बारीक नळ्यांमध्ये वाटला जातो, कारण पृष्ठभाग जास्त मिळतो. हिशेब सांगतो की १२ मिमीच्या चार नळ्यांचं एकूण छेदाचं क्षेत्रफळ २४ मिमीच्या एका नळीइतकंच, तेव्हा अडथळा तेवढाच असणार. नसतो. तेवढ्याच क्षेत्रफळाला भिंत दुप्पट लागते आणि घर्षण भिंतीवर होतं, त्यामुळे तेवढ्याच लांबीला अडथळा दुपटीच्याही वर जातो. शिवाय नळीत अर्धा मिमी काजळी बसली तर २४ च्या नळीचं क्षेत्रफळ आठ टक्के घटतं, १२ च्या नळीचं सोळा टक्के.

मंद सेटिंगवर हे अजून बिघडतं. पंख्याचा वेग निम्मा केला की तो देऊ शकणारा दाब चौथाईवर येतो. पण बारीक नळीतून सावकाश वाहणाऱ्या धुराला होणारा अडथळा निम्म्यापर्यंतच उतरतो. म्हणून पूर्ण जोरात ठीक चालणारा हीटर मंद केल्यावर धुरकटतो. आणि बाहेरचं तोंड वाऱ्याकडे असेल तर तेही हिशेबात धरा: ताशी ३६ किलोमीटरचा समोरून येणारा वारा पाइपच्या तोंडावर सुमारे ६० पास्कल, म्हणजे ६ मिमी पाण्याइतका दाब देतो. एवढ्याशा पंख्यासाठी हे थोडं नाही. "वारा असला की विझतो" अशी तक्रार असेल तर सगळ्यात आधी तोंड वळवून बघा.

दुसरा गुन्हेगार: पाणी

एक लिटर डिझेल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं. धूर गरम आहे तोवर ते वाफ म्हणून निघून जातं. धुराचा दवबिंदू, म्हणजे वाफेचं पाणी व्हायला लागतं ते तापमान, ४० अंशांच्या आसपास असतो, आणि लक्षात घ्यायची गोष्ट ही की धूर थंड व्हावा लागत नाही, भिंत थंड असली तरी पुरे. धूर १५० अंशांचा असला तरी २० अंशांच्या भिंतीवर पाणी धरतंच. एक्स्चेंजरमधून थंड पाणी फिरवणाऱ्या रचनेत हे सतत होतं, हवेवर चालणाऱ्या रचनेत थंड सकाळी सुरू करताना.

हे पाणी आम्लधर्मी असतं, ते काजळीत मुरतं आणि तिचा चिकट चिखल होतो. सरळ पाइपमधली सुकी काजळी थोडीफार उडून जाते, चिखल जात नाही. एक्स्चेंजरमध्ये कुठेही खोलगट जागा राहिली असेल तर पाणी तिथे साचून वाट अर्धी बंद करतं. हीटर गुरगुरल्यासारखा, बुडबुडे आल्यासारखा आवाज करत असेल तर समजून जा.

काजळी वाचायला शिका

साफ करण्याआधी हात काळे करून बघा, बरीच माहिती मिळते. बोटावर घेतल्यावर पावडरीसारखी उडणारी, सुकी, गडद काळी काजळी असेल तर हवा कमी पडतेय किंवा डिझेल जास्त होतंय. ओली, चिकट, तपकिरी झाक असलेली आणि डिझेलचा वास मारणारी असेल तर पेटायचे प्रयत्न फसलेत किंवा पाणी धरतंय. दहनकक्षाच्या भिंतीवर कोळशासारखे टणक खडे असतील तर हीटर फार काळ मंद आचेवर चाललाय.

जागाही बघा. एक्स्चेंजरच्या सुरुवातीला कोरडी आणि शेवटी चिखल असेल तर शेवटचा भाग गरजेपेक्षा थंड आहे, म्हणजे एक्स्चेंजर लांब झालाय. नळ्यांपैकी खालच्याच भरल्या असतील तर उतार चुकलाय.

खात्री कशी करायची

सगळ्यात भरवशाची चाचणी सगळ्यात साधी आहे: बर्नर पूर्ण साफ करा, एक्स्चेंजर काढा, त्या जागी आखूड सरळ पाइप लावून तो थेट बाहेर काढा आणि हीटर नेहमीसारखा वापरा. क्रम महत्त्वाचा आहे. काजळलेल्या बर्नरवर एक्स्चेंजर काढून चाचणी केली तर तो तरीही विझेल आणि तुम्ही दोषी एक्स्चेंजरला निष्पाप समजून सोडून द्याल.

मोजमाप हवं असेल तर पाण्याची यू-नळी पुरते. हीटरच्या एक्झॉस्ट तोंडालगत पाइपला एक बारीक धातूची नळी जोडा, अर्धा मीटर तांब्याची नळी पुढे न्या म्हणजे उष्णता पोहोचणार नाही, आणि मग पारदर्शक प्लास्टिक नळीचा यू करून त्यात रंगीत पाणी भरा. दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या पातळीतला फरक म्हणजे मागचा दाब. अमुक आकडा बरोबर असं सरसकट सांगण्यात अर्थ नाही. आखूड पाइपवर किती येतो आणि एक्स्चेंजरसह किती, दोन्ही एकाच सेटिंगवर, हे ताडून बघा. फरक जितका कमी तितकं बरं. ही नोंद लिहून ठेवली तर पुढे काजळी वाढल्यावर आकडा चढताना दिसतो. काम झालं की ती नळी काढून भोक वेल्डने बंद करा. खोलीत प्लास्टिकच्या नळीच्या भरवशावर धूर ठेवू नका.

बाहेर पडणाऱ्या धुराच्या तापमानावरूनही कळतं. काजळी उष्णता अडवते, त्यामुळे त्याच सेटिंगवर बाहेरचं तापमान हळूहळू चढत गेलं तर आत थर वाढतोय. यासाठी के-टाइप थर्मोकपल (पाइपला टेकवून तापमान मोजणारी तार) वापरा. लांबून नेम धरायचे इन्फ्रारेड थर्मामीटर चकचकीत स्टेनलेस स्टीलवर साफ खोटं वाचन देतात, २५० अंशांचा पाइप शंभरच्या आत दाखवतात. तेच वापरायचं असेल तर पाइपवर उष्णतारोधक काळ्या रंगाचा एक पट्टा मारा आणि त्यावरच नेम धरा.

एक्स्चेंजरला दोष देण्याआधी विजेची जोडणी बघून घ्या, कारण लक्षणं तीच दिसतात. ग्लो प्लग सुरुवातीला ८ ते १० अँपिअर खेचतो. वर्कशॉपमध्ये हीटर बऱ्याचदा छोट्या अडॅप्टरवर किंवा लांब बारीक वायरवर चालवला जातो, आणि नेमक्या त्या क्षणी व्होल्टेज बसतं. मोजायचं ते हीटरच्या टोकांवर आणि ग्लो प्लग चालू असताना. डिझेलच्या पारदर्शक नळीत हवेचे लांब बुडबुडे सरकताना दिसले तर तेही वेगळं दुखणं आहे.

आणि जळणाच्या हवेची नळी. ती वर्कशॉपच्या आत तोंड उघडून ठेवली असेल तर लाकडाचा भुसा, पॉलिशची धूळ आत जाते, आणि थिनर किंवा पेट्रोलची वाफ गेली तर प्रकरण काजळीवर थांबत नाही. ती बाहेर काढा, पण एक्झॉस्टच्या तोंडापासून लांब. स्वतःचाच धूर पुन्हा ओढणारा हीटरसुद्धा गुदमरतो, आणि त्याची काजळी बघून कुणालाही एक्स्चेंजरचाच संशय येईल.

काय बदलायचं

बारीक नळ्यांचा जुडगा काढून टाका. त्याऐवजी एकच मोठा गुळगुळीत पाइप: २४ वरून निमुळत्या जोडाने ३८–४० मिमी आतल्या व्यासाच्या स्टेनलेस पाइपवर या आणि तो दोनेक मीटर खोलीतून सलग बाहेरच्या बाजूला उतरत न्या. क्षेत्रफळ अडीच पटीच्या आसपास होतं, अडथळा जवळजवळ जाणवत नाही आणि नुसत्या उघड्या पाइपमधूनही पूर्ण जोरात ३०० वॅटच्या आसपास उष्णता खोलीत येते. पाइपला बाहेरून पट्ट्या वेल्ड केल्या, काळा उष्णतारोधक रंग दिला, वर एक पंखा सोडला तर अजून. दिसायला काही खास नाही, पण हा एक्स्चेंजर ब्रश घालून साफ होतो. दोन्ही टोकांना झाकण असलेले टी-जोड ठेवा म्हणजे ब्रश आरपार जातो. पन्हाळीदार लवचिक पाइप मात्र या लांबीला नको, त्याच्या प्रत्येक वळीत पाणी आणि काजळी बसते.

उतार पूर्ण लांबीभर बाहेरच्या दिशेनेच हवा. कुठे वर चढवणं टळतच नसेल तर सगळ्यात खालच्या बिंदूवर पाणी निघायला सुमारे ५ मिमीचं भोक लागतं, आणि भोक म्हणजे धुराची वाट, म्हणून तो बिंदू इमारतीच्या बाहेरच असला पाहिजे. एक्झॉस्ट किती लांब आणि किती वळणांचा चालेल याची मर्यादा हीटरच्या पुस्तिकेत असते. ती मूळ व्यासासाठी असते. मोठा व्यास घेतल्याने थोडी सवलत मिळते, परवाना नाही.

बाहेर पडताना धूर १२० अंशांच्या खाली जाऊ देऊ नका. जात असेल तर पाइप कापून आखूड करा. वाचवलेल्या शेवटच्या पन्नास वॅटपायी बर्नर उघडायची पाळी येणं म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

पाण्यावर चालणारा एक्स्चेंजरच हवा असेल तर गाड्यांमधला ईजीआर कूलर (इंजिनचा धूर पाण्याने थंड करणारा भाग) बरा. तो स्टेनलेसचा, धुरासाठीच बनवलेला असतो. पण पाणी परत येताना ५०–६० अंशांच्या वर राहील असा थर्मोस्टॅट लावा, नाहीतर चिखल ठरलेला. या पाण्याच्या चक्राची वरची टाकी उघडी ठेवा. बंद चक्रात पंप बंद पडला तर वाफेचा दाब कुठे जाणार? हे सांभाळायची तयारी नसेल तर हवेवरच थांबा.

काय वापरायचं नाही तेही सांगतो: गॅल्व्हनाइज्ड पाइप (जस्ताचा थर २०० अंशांच्या वर टिकत नाही), सोल्डरने जोडलेला गाडीचा जुना रेडिएटर (सोल्डर धुराच्या तापमानाला सरळ वितळतं), पातळ अॅल्युमिनियमचा घडीचा डक्ट. आणि मध्ये बायपासची झडप बसवणार असाल तर दोन्ही वाटा एकाच वेळी बंद होतील अशी झडप कधीही नको.

वापरायची पद्धतही बदलावी लागते. खोली तापली की मंद करून ठेवण्यापेक्षा हीटर बंद करा आणि थंडी वाजली की पुन्हा लावा. बंद करण्याआधी १५–२० मिनिटं पूर्ण जोरात चालवा, सुकी काजळी बरीचशी जळून जाते. बंद करताना बटनानेच करा, वीज तोडून नाही. थंड होण्याचं चक्र अर्धवट राहिलं तर पुढच्या वेळी तोच धूर. खोलीला २ किलोवॅट पुरत असतील तर ५ किलोवॅटचा हीटर मंद चालवण्यात काही शहाणपण नाही.

जोड कुठे आणि पंखा कोणत्या बाजूला

हा भाग काजळीचा नाही, पण याच कामात येतो. हवा कमी पडलेला बर्नर कार्बन मोनॉक्साइड तयार करतो, आणि त्याला वास नसतो. डिझेलचा वास येत नाही म्हणजे गळती नाही, असं धरू नका. डोकं जड होणं, मळमळ, झोप येणं ही लक्षणं वर्कशॉपमध्ये जाणवली आणि बाहेर आल्यावर ओसरली तर हीटर बंद, दारं उघडी, बाकी सगळं नंतर.

खोलीच्या आत एक्झॉस्टला जोड नसावा हे उत्तम. असलाच तर वेल्ड केलेला. हीटर जिथे बसवलाय तिथल्या बुडाच्या गॅस्केटकडेही बघा. एक्स्चेंजरवर पंखा लावताना तो हवा ढकलणारा लावा, ओढणारा नाही. पाइपभोवतीच्या खोक्यातून हवा ओढली की खोक्यात दाब कमी होतो आणि पाइपला केसाएवढी चीर असली तरी धूर तिच्यातून खेचला जाऊन थेट गरम हवेबरोबर खोलीत येतो. जोडणी झाल्यावर थंड अवस्थेत बाहेरचं तोंड बंद करा, पाइपमध्ये हलका दाब द्या आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावाच. युरोपीय मानक ईएन ५०२९१ प्रमाणे असा अलार्म ५० पीपीएमवर (हवेच्या दहा लाख भागांत ५० भाग वायू) ६० ते ९० मिनिटांत वाजतो, १०० वर १० ते ४० मिनिटांत आणि ३०० वर ३ मिनिटांच्या आत. म्हणजे तो वाजला तेव्हा तुम्ही बऱ्याच वेळापासून तो वायू घेत असता. "चुकून वाजला असेल" म्हणून बॅटरी काढायची नाही.

पाइपभोवती जाळी लावा. लाकूडकाम होत असेल तर भुशाचा थर तापलेल्या पाइपवर साचून धुमसू शकतो, तो रोज झाडायचा.

हे सगळं करूनही काजळत असेल तर

आखूड पाइपवरही सुकी काजळी येतेच आहे? मग एक्स्चेंजर निर्दोष आहे, डिझेल जास्त जातंय. पंपावर बहुधा माप लिहिलेलं असतं. २२ मिलीचा पंप म्हणजे हजार टिकल्यांना (पंपाच्या टक्-टक् ठोक्यांना) २२ मिली. नळी हीटरकडून सोडवा, इंजेक्शनच्या सिरिंजमध्ये २०० टिकल्या पडू द्या आणि मोजा: ४.४ मिली यायला हवेत. चांगलेच जास्त आले तर पंप बदला. बरोबर आले आणि तुमची जागा उंचावर, डोंगरात असेल तर हवा विरळ आहे, आणि कंट्रोलरमध्ये पंपाचा वेग थोडा उतरवावा लागेल. एका वेळी थोडाच उतरवा आणि दर वेळी धुराचा रंग पूर्ण जोरावर व मंद आचेवर, दोन्हीकडे बघून पुढचं ठरवा.